बंडखोरांच्या धमक्या असलेल्या देशात मदतकार्याला जाताय? खान्देशातल्या नवीन पोरापोरींसाठी पायरीपायरीने

नर्सिंग झालेली, पाणीपुरवठ्याचं काम येणारी, नाहीतर गोदाम आणि गाड्यांचा हिशोब सांभाळता येणारी आपल्याकडची पोरं विचारतात की दादा, साउथ सुदान नाहीतर काँगो नाहीतर अफगाणिस्तानात मदतसंस्थेसोबत जायचंय, काम चांगलं आहे, पगार पण बरा आहे, पण तिथं बंदूकवाले धमक्या देतात म्हणे, मग काय करायचं? जायचं की नाही ते तुम्ही आणि तुमच्या घरच्यांनी ठरवा, त्यात मी पडत नाही. गेलात तर काय काय करायचं तेवढं सांगतो. मी लॉजिस्टिक्सवाला माणूस, गाड्या, रेडिओ आणि गोदाम हेच बघत आलोय, त्यामुळं रस्त्याबद्दल जास्त बोलेन आणि बाकीचं जरा उरकतं घेईन, चालवून घ्या.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. बुलेटप्रूफ जॅकेट, उंच भिंत आणि बंदूकवाला वॉचमन असला की झालं, असं सिनेमात राहतं. बहुतेक मदतसंस्था तर बंदूक जवळ ठेवतच नाहीत, त्यांच्या गाडीवर बंदुकीवर काट मारलेला स्टिकर असतो, म्हणजे या गाडीत शस्त्र नाही आणि शस्त्रवाला बसणार पण नाही. तुम्हाला वाचवतात त्या दोन गोष्टी. आजूबाजूच्या लोकांना तुम्ही कोण आहात आणि इथं काय करताय हे माहीत असणं, आणि रोजच्या कंटाळवाण्या सवयी. कुठं चाललोय ते सांगून निघणं, सांगितलेल्या वेळेला परत येणं, गाडीची टाकी कायम अर्ध्याच्या वर ठेवणं. मजा नाही यात काहीच, पण हेच आहे.

आणि बंडखोरच मारतात असं पण नाही बरं का भो. २०१५ च्या ऑक्टोबरात अफगाणिस्तानात कुंदुझला डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सच्या हॉस्पिटलवर अमेरिकेच्या विमानानं मारा केला, ४२ माणसं गेली. १ एप्रिल २०२४ ला गाझात वर्ल्ड सेंट्रल किचन या जेवण पुरवणाऱ्या संस्थेच्या गाड्यांवर इस्रायलच्या सैन्यानं हल्ला केला, ७ गेले. यूएनच्या हिशोबानं २०२४ या एका वर्षात जगभर ३८३ मदत कर्मचारी मारले गेले, सगळ्यात जास्त गाझात, त्याच्या खालोखाल सुदानमध्ये, आणि त्यातले बहुतेक बाहेरून गेलेले नव्हते, त्याच देशातले होते. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढं परत येईल.

पायरी १: कोणासोबत जाताय ते आधी बघा

कामाला लावतो म्हणून पैसे मागणारा एजंट असेल तर तिथंच विषय संपला. खरी मदतसंस्था तुमच्याकडून पैसे घेत नाही, तिकीट, व्हिसा, राहणं सगळं तीच बघते. मुलाखतीत लाजू नका, सरळ विचारा. त्या जागी मागच्या वर्षभरात काय काय घटना झाल्या? सुरक्षेचा निर्णय कोण घेतं, तो माणूस तिथं राहतो की युरोपातल्या ऑफिसात बसतो? इन्शुरन्समध्ये युद्ध आणि दहशतवादी हल्ला धरलाय का? साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत युद्ध बहुतेक वेळा वगळलेलंच असतं, बारीक अक्षरात. जखमी झालो तर कुठं हलवणार आणि किती तासात? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मला भीती वाटली आणि मी नाही म्हटलं तर काय? चांगली संस्था म्हणते की कुठल्याही दिवशी, कारण न देता, तुम्ही नाही म्हणू शकता आणि घरी परत जाऊ शकता. मुलाखत घेणारा या प्रश्नाला हसला किंवा ‘आमच्याकडं तसं काही होत नाही’ म्हणाला तर मी तरी जाणार नाही.

स्वतःच्या मनाने चार मित्र गोळा करून कपडे-औषधं घेऊन युद्धाच्या देशात जाणं हा प्रकार तर नकोच. मागं संस्था नाही, रेडिओ नाही, कोणाला तुमचा पत्ता नाही, आणि तुम्हाला शोधायला दुसऱ्यांचा जीव धोक्यात.

पायरी २: कोण कोणाशी भांडतंय ते वाचून काढा

नुसतं ‘तिथं युद्ध आहे’ एवढं माहीत असून भागत नाही. सरकार कोणाचं, बंडखोर गट किती, कुठला रस्ता कोणाच्या ताब्यात, त्यांचा राग कोणावर, आणि त्यांनी परदेशी मदतीबद्दल आजपर्यंत काय म्हटलंय. काही गट मदत येऊ देतात पण वाटा मागतात. काहींना गाडी पाहिजे, माणूस नको. काहींना परदेशी माणूसच पाहिजे, कारण त्याचे पैसे मिळतात. २०१० ला पाकिस्तानात मोठा पूर आला तेव्हा तिथल्या तालिबाननं उघड सांगितलं की परदेशी मदतवाले आम्हाला चालणार नाहीत. आता असं कशामुळं होतं ते पण समजून घ्या, नुसतं ‘वेडे लोक आहेत’ म्हणून सोडू नका. २०११ ला ओसामा बिन लादेनला शोधताना सीआयएनं, म्हणजे अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेनं, अबोटाबादमध्ये हिपॅटायटिसच्या लसीची खोटी मोहीम चालवली होती. ते उघडं पडलं, वझिरिस्तानात तालिबाननं २०१२ ला पोलिओच्या लसीवरच बंदी घातली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात पोलिओचे डोस पाजणाऱ्या बायकांना गोळ्या घातल्या. त्या बिचाऱ्यांचा सीआयएशी काय संबंध? पण एकदा औषधाची पेटी घेऊन हेर आला की पुढच्या प्रत्येक पेटीवर संशय येतो. म्हणून तुमच्या हातून चुकूनसुद्धा माहिती गोळा केल्यासारखं वागणं व्हायला नको. आर्मीच्या नाक्याचा फोटो नको, कुठं किती सैनिक दिसले याच्या गप्पा नको, दुर्बीण नको, ड्रोन तर घरीच ठेवा.

अजून एक गैरसमज आपल्या पोरांमध्ये फार आहे, की आपण भारतीय, आपल्याला कोण काय करणार, दोन गाणी म्हटली शाहरुखची की सगळे खुश. बऱ्याच ठिकाणी ते खरं पण आहे, नाक्यावरचा पोरगा ‘इंडिया?’ म्हणून हसतो आणि सोडतो. पण अफगाणिस्तानात उलटं झालंय. २००८ च्या जुलैत काबूलच्या आपल्या दूतावासावर गाडीबॉम्ब, २०१० च्या फेब्रुवारीत काबूलमध्ये भारतीय उतरायचे त्या गेस्टहाऊसवर हल्ला, त्यात आपले डॉक्टर गेले. २०१४ ला हेरातजवळून निर्वासितांसाठी काम करणारे एक तमिळ फादर उचलले, ते सुटायला ८ महिने लागले. २०१६ ला काबूलमधून कोलकात्याची मदत कर्मचारी उचलली, ती महिना-दीड महिन्याने सुटली. तेव्हा तुमचा पासपोर्ट त्या जागी फायद्याचा की तोट्याचा हे जाण्याआधी विचारून घ्या, अंदाजावर नको.

पायरी ३: घरची तयारी, आणि फ्लेक्स लावू देऊ नका

हे मी हसण्यावारी नाही सांगत. आपल्याकडं पोरगा परदेशी निघाला की चौकात फ्लेक्स लागतो, ‘आंतरराष्ट्रीय पातळीवर निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’, त्यावर तुमचा फोटो, संस्थेचं नाव, देशाचं नाव, खाली शुभेच्छुक म्हणून आप्पा, नाना, जिभाऊ आणि अख्खं मित्रमंडळ, मग तो फोटो पन्नास ग्रुपवर आणि फेसबुकवर. उद्या तुम्हाला कोणी उचललं तर पहिल्या तासात तो तुमचं नाव सर्च करणार. त्याला काय दिसणार? बापाची केळीची बाग, काकाचा नवीन ट्रॅक्टर, भावाचं थाटात झालेलं लग्न. किंमत तिथंच वाढली. म्हणून निघायच्या आधीच प्रोफाइल लॉक करा, आर्मी-पोलीस-धर्म-राजकारण यावरच्या जुन्या पोस्टी काढून टाका, आणि घरच्यांना प्रेमानं पण ठाम सांगा की मी परत आल्यावर काय ते लावा.

संस्था तुमच्याकडून एक फॉर्म भरून घेईल, त्यात उद्या तुम्हाला कोणी उचललं तर तुम्ही जिवंत आहात हे ओळखायचे प्रश्न असतात. उत्तर असं पाहिजे की फक्त तुम्हाला आणि घरच्यांना माहीत, नेटवर कुठंच नाही, आणि मनाला बरं वाटेल असं. आईचं माहेरचं आडनाव, शाळेचं नाव असलं काही देऊ नका, ते कोणी पण काढेल. आजीच्या गोठ्यातल्या बांड्या गाईला आजी काय नावानं हाक मारायची, कानबाईचे रोट खाताना कोण रुसून बसलं होतं, असलं द्या.

घरातला एकच माणूस ठरवा ज्याच्याशी संस्था बोलेल. शक्यतो आई नको, थंड डोक्याची बहीण किंवा मामा. त्याला समोर बसवून सांगा की उद्या काही झालं तर संस्थेचा फोन येईपर्यंत कोणाशी बोलायचं नाही, टीव्हीवाल्याशी नाही, आमदाराच्या पीएशी नाही, व्हॉट्सअॅपवर तर नाहीच. अपहरणात घरच्यांनी टीव्हीवर रडून विनंती केली की समोरच्याला कळतं हातात मोठा मासा आहे. इच्छापत्र, बँकेचं नॉमिनी, एलआयसीचे कागद नीट करून ठेवा. अशुभ वाटतं, आई डोळ्याला पदर लावते, पण करा.

कागदांचं भराभर सांगतो. दहावी पास असाल तर पासपोर्टला एमिग्रेशन क्लिअरन्सची (कामासाठी देश सोडायच्या सरकारी परवानगीची) भानगड बहुतेक नाही राहत, तरी बघून घ्या, कारण सुदान, साउथ सुदान, येमेन, सीरिया, अफगाणिस्तान हे सगळे ती परवानगी लागणाऱ्या देशांच्या यादीत आहेत. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांसाठी यलो फिव्हरची लस, ती निघायच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते आणि आपल्या जिल्ह्याच्या दवाखान्यात सहसा मिळत नाही, मुंबईला किंवा दुसऱ्या ठरलेल्या केंद्रावर जावं लागतं. लस घेतल्याचं पिवळं कार्ड मिळतं, ते पासपोर्टसोबतच ठेवा, नाहीतर परत येताना आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात.

पायरी ४: ट्रेनिंग

यूएनचा बीसेफ नावाचा ऑनलाइन कोर्स आहे, फुकट आहे, कोणी पण करू शकतं, आजच करून टाका. रेड क्रॉसचा स्टे सेफ पण चांगला. पण खरं ट्रेनिंग म्हणजे हीट (HEAT), धोक्याच्या जागी कसं वागायचं ते शिकवणारं, तीन-चार दिवसांचं राहतं, त्यात खोटं अपहरण करतात, डोक्यावर पिशवी घालतात, गोळीबाराचे आवाज, रक्त थांबवायला टुर्निके बांधायला लावतात. संस्थेकडून ते मागून घ्या, ‘वेळ नाही, तिथं गेल्यावर बघू’ म्हणाले तर परत मागा. प्रथमोपचारात बाकी काही विसरलात तरी चालेल पण वाहतं रक्त थांबवणं झोपेत पण आलं पाहिजे.

पायरी ५: पहिला आठवडा, तोंड बंद कान उघडे

उतरल्या उतरल्या सुरक्षेचं ब्रीफिंग मागा. कुठं जायचं, कुठं नाही, संध्याकाळी किती वाजता आत, रेडिओवर तुमचं नाव काय. रेडिओवर अल्फा, ब्राव्हो, चार्ली असं बोलतात ते पाठ करा. रेडिओ सगळे ऐकतात, त्यावर माणसाचं नाव, पगाराच्या पैशाची गोष्ट, उद्याचा रस्ता असलं काही नाही. काही शहाणे म्हणतात आपण दोघं खान्देशी असलो की अहिराणीत बोलू, कोणाला काय कळणार आहे. अजिबात नको. कळत नाही म्हणूनच समोरच्याला वाटतं हे काहीतरी लपवताय, आणि बंदूक त्याच्या हातात आहे. नाक्यावर तर आपसात पण त्यांना समजेल त्याच भाषेत बोला नाहीतर गप बसा.

कपडे साधे. आपल्याकडं जत्रेत ढिगाने मिळते ती आर्मी डिझाइनची पँट, तो हिरवा टीशर्ट, ते बूट, सगळं घरी. आणि छातीवर लाल क्रॉस लावून फिरू नका. आपल्याकडं डॉक्टरच्या गाडीवर, मेडिकलच्या पाटीवर सर्रास दिसतो पण ते चिन्ह जिनिव्हा कराराचं आहे, आपल्या देशातसुद्धा १९६० चा कायदा आहे त्याचा, ज्याला अधिकार नाही त्याने ते वापरायचं नाही. युद्धाच्या जागी तर त्याचा गैरवापर झाला की खऱ्या अँब्युलन्सवरचा भरोसा उठतो.

आता मुख्य गोष्ट, लोकांनी तुम्हाला ओळखणं. राईनपाडा आठवतंय? साक्री तालुका, १ जुलै २०१८, आठवडे बाजाराचा दिवस. भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, पोरं पळवणारी टोळी आलीय अशी व्हॉट्सअॅपवर अफवा फिरत होती, आणि जमावानं पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. आपल्या धुळे जिल्ह्यात, बंडखोर नाही, युद्ध नाही, आपलीच माणसं. आता विचार करा तिथल्या गावात तुम्ही कोण आहात. भाषा येत नाही, कुठून आला माहीत नाही, आणि लहान पोरांच्या दंडाला पट्टी गुंडाळून माप घेतोय, वहीत नाव लिहितोय. कुपोषण मोजायची पट्टी आहे हे तुम्हाला माहीत, त्यांना कोणी सांगितलं? २०१४ ला गिनीत वोमे नावाच्या गावी इबोलाची माहिती द्यायला गेलेल्या टीममधल्या ८ जणांना गावानंच मारलं. बंदूकवाल्या गटाला धमकी द्यायला कारण लागतं, आणि अशी अफवा त्याला आयतं कारण देते.

म्हणून कामाला हात लावायच्या आधी गावातले म्हातारे, बायकांच्या गटाची प्रमुख, धर्माचा माणूस, शाळेचा मास्तर, सगळ्यांना भेटा, आणि एकटे नाही, तिथल्या सहकाऱ्यासोबत. कोण आहोत, पैसे कुठून येतात, कोणाला मिळणार, कोणाला नाही आणि का नाही. हे ‘का नाही’ सगळ्यात जास्त राग आणतं. यादीतून नाव गेलेला माणूस बंडखोरांपेक्षा लवकर तुमच्या गेटवर येतो. त्याला तक्रार करायला जागा द्या, वाद घालू नका. आणि ‘पुढच्या आठवड्यात आणतो’ असं चुकूनही बोलू नका, पुढच्या आठवड्यात रस्ता बंद राहतो आणि तुम्ही खोटारडे.

याची मर्यादा पण सांगतो, नाहीतर वाटेल चांगलं वागलं की झालं. २०१० च्या ऑगस्टमध्ये अफगाणिस्तानात नुरिस्तानला डोळे तपासून परत येणाऱ्या मेडिकल टीमच्या १० जणांना बदख्शानच्या डोंगरात गोळ्या घातल्या. त्यांचा प्रमुख तर तीसेक वर्षं त्या देशात राहिलेला, भाषा येणारा माणूस होता. एका खोऱ्यात मिळवलेली ओळख दुसऱ्या खोऱ्यात चालेलच असं नाही, आणि मारणारे त्या गावचेच असतील असं पण नाही. प्रत्येक नवीन रस्त्याला परत पहिल्यापासून चौकशी.

पायरी ६: गाडी आणि रस्ता

निघायच्या आदल्या दिवशी रस्त्याची बातमी काढा, आणि ती बातमी ट्रकवाल्यांकडून, बाजारातून, दवाखान्यात आलेल्या पेशंटकडून येते, ऑफिसातल्या नकाशावरून नाही. कोण जाणार, कुठली गाडी, कुठला रस्ता, कितीला निघणार, कितीला पोचणार, कुठून कुठून रेडिओ करणार, सगळं लिहून रेडिओ रूमला द्या. ठरलेला कॉल आला नाही तर किती मिनिटांनी शोधाशोध सुरू करायची ते पण आधीच ठरवा. रोज एकाच वेळी एकाच रस्त्यानं जाऊ नका. अंधारात प्रवास नाही, कितीही थोडं अंतर राहिलं असलं तरी, वाटेतल्या ओळखीच्या मुक्कामाला थांबा.

ड्रायव्हर नाही म्हणाला तर नाही. हा नियम मोडायचा नाही, तुम्ही त्याचे साहेब असलात तरी. त्याला कारण सांगता येत नाही कधीकधी, पण रस्त्यावर रोजच्या बाया पाणी घेऊन दिसत नाहीत, बाजाराच्या दिवशी दुकानं बंद, पोरं खेळत नाहीत, हे त्याला तुमच्याआधी दिसतं. त्याला काका म्हणा, दादा म्हणा, तिथल्या भाषेत जो मान असेल तो द्या, आणि त्याच्यासोबत जेवा.

दोन गाड्या असतील तर मध्ये अंतर ठेवा, पुढची दिसली पाहिजे पण एका स्फोटात दोन्ही सापडायला नको. रस्ता सोडून कच्च्यात उतरायचं नाही, लघवीला सुद्धा नाही, सुरुंग कडेलाच राहतात. लाल रंगाचे दगड, लाल त्रिकोणावर कवटी, काठीला बांधलेली चिंधी, असं काही दिसलं तर आल्या चाकाच्या खुणेवरूनच मागं. शस्त्रवाल्याला लिफ्ट नाही, तो सरकारचा असला तरी नाही, गोड बोलून स्टिकर दाखवायचा आणि नियम आहे म्हणून सांगायचं, नोकरी जाईल माझी म्हणायचं, हे सगळीकडे चालतं.

नाका लागला की लांबूनच वेग कमी करा. गॉगल काढा, टोपी काढा, गाणी बंद, फोन खाली ठेवा, हात दिसतील असे. संध्याकाळ असेल तर समोरचा दिवा मंद आणि आतला दिवा चालू. काच थोडीच खाली. एकच माणूस बोलेल, शक्यतो ड्रायव्हर किंवा तिथला सहकारी. उतर म्हटल्याशिवाय उतरायचं नाही. खिशात हात घालायच्या आधी सांगा की कागद काढतोय. नमस्कार करा, घाई दाखवू नका, खोटं बोलू नका, जास्त पण बोलू नका. सिगारेट, पैसे, औषधाची पट्टी देऊ नका, आज दिलं तर उद्या प्रत्येक गाडीला द्यावं लागेल आणि परवा न देणाऱ्याला मार बसेल. नाक्यावरचा पोरगा पंधरा-सोळा वर्षांचा आणि दारू प्यालेला असू शकतो, त्याच्याशी हुज्जत म्हणजे वेडेपणा. आणि त्याने गाडी मागितली तर गाडी द्या. चावी द्या, हळूच सांगा की पट्टा सोडतोय, उतरा, बाजूला व्हा. लँडक्रूझर दुसरी मिळते.

पायरी ७: राहायची जागा

गाड्या रात्री तोंड गेटकडे करून लावा. दोन बाहेर जायच्या वाटा पाहिजेत. खिडकीला काचेवर चिकटणारी फिल्म, आणि एक आतली खोली ठरवा जिच्यात आणि रस्त्यात दोन भिंती आहेत, तिथं पाणी, सुकं खाणं, प्रथमोपचार, रेडिओ, चार्जर ठेवा. हॉस्पिटल किंवा घराचं नेमकं ठिकाण लढणाऱ्या सगळ्या बाजूंना संस्थेनं कळवलेलं आहे का ते विचारा. त्याने हमी नाही मिळत, कुंदुझचं ठिकाण पण कळवलेलं होतं, तरी कळवावं लागतं.

प्रत्येकाची एक छोटी बॅग कायम भरलेली, उशाशी. पासपोर्ट, पिवळं कार्ड, थोडे डॉलर, औषधं, पाणी, टॉर्च, बूट. आपल्या पोरांच्या बॅगेत शेंगदाणे-गूळ आणि मिरचीचा ठेचा असतोच, असू दे. लॅपटॉप नाही, आठवणीचे फोटो नाही, ती बॅग घेऊन पळता आलं पाहिजे. मे महिन्यात भुसावळच्या उन्हात राहिलेल्याला तिथलं ऊन फार जड जात नाही, तेवढा आपला फायदा, पण पाणी पीत राहा.

पायरी ८: धमकी आली तर

धमकी कशी पण येते. रात्री गेटवर चिठ्ठी, ड्रायव्हरच्या फोनवर कॉल, बाजारात कोणी तरी स्वयंपाकवाल्या मावशीला म्हणतं ‘तुझ्या साहेबाला सांग, जा म्हणावं’. शेवटचा प्रकार सगळ्यात जास्त होतो आणि मावशी घाबरून सांगत नाही, म्हणून तिला आधीच सांगून ठेवा की असलं काही कानावर आलं तर कोणी रागावणार नाही. चिठ्ठी फाडू नका, कमीत कमी हात लावा, फोटो काढा. कॉल असेल तर शब्द जसेच्या तसे लिहा, वेळ लिहा, मागचे आवाज लिहा. उत्तर देऊ नका, धमकावू नका, ‘पोलिसात देईन’ म्हणू नका. सरळ सुरक्षेच्या माणसाला, त्याच दिवशी, रात्र असली तरी. खोटी वाटली तरी सांगा, खरी-खोटी ठरवणं तुमचं काम नाही.

मग बाहेरची कामं थांबतात. तुम्हाला वाटेल की पेशंट आहेत, पोरं उपाशी आहेत, थांबायचं कसं. थांबायचं. आणि धमकी नेमकी कोणाला आहे ते विचारा. तुम्हाला विमानानं राजधानीत हलवलं आणि त्या जातीचा, त्या टोळीचा ड्रायव्हर तिथंच राहिला तर सुरक्षा झाली कोणाची? श्रीलंकेत २००६ च्या ऑगस्टमध्ये मुत्तूरला लढाई सुरू असताना अॅक्शन अगेन्स्ट हंगर या मदतसंस्थेचे १७ स्थानिक कर्मचारी त्यांच्याच ऑफिसच्या आवारात मारले गेले. मीटिंगमध्ये नवीन असलात तरी हात वर करून विचारा की यांचं काय ठरवलंय. आगाऊ पगार, घरच्यांना हलवायचा खर्च, काही दिवस घरी राहायची मुभा, बॅजवरून नाव काढणं, एवढं तरी होऊ शकतं.

पायरी ९: गोळीबार आणि अपहरण

गोळ्या चालू झाल्या की आडवे पडा, खिडकीपासून लांब, ठरलेल्या खोलीत. गच्चीवर जाऊन व्हिडिओ काढायचा नाही, हे लिहावं लागतंय कारण करतात लोक. गाडीत असाल तर इंजिनाची बाजू थोडंफार अडवते, दरवाजाचा पत्रा नाही अडवत. स्फोट झाला की बघायला धावू नका, दुसरा स्फोट धावणाऱ्यांसाठीच ठेवलेला असतो.

उचललं तर पहिली काही मिनिटं सगळ्यात धोक्याची, कारण समोरचे पण घाबरलेले असतात. हिरो व्हायचं नाही, सांगतील ते करा, डोळ्याला डोळा लावून बघू नका. नंतर हळूहळू माणूस म्हणून बोला, आई-बाप-पोरं यांच्याबद्दल, धर्म आणि राजकारण सोडून. देतील ते खा, औषध लागत असेल तर मागा, रोज थोडा व्यायाम, दिवस मोजा. सौदा स्वतः करू नका, ‘माझा बाप एवढे देईल’ हे तोंडातून निघू देऊ नका, ते काम संस्थेचं आहे आणि त्याला वेळ लागतो, आठवडे, महिने. सोडवायला फौज आली तर जमिनीवर पडा, हात रिकामे दाखवा, पळू नका, त्यांना अंधारात सगळे सारखेच दिसतात.

पायरी १०: निघायची वेळ

तीन प्रकार राहतात. आहे तिथंच दारं लावून गप बसायचं, त्याच देशात सुरक्षित गावी जायचं, किंवा देश सोडायचा. रस्ता बंद व्हायच्या आधी निघणं सगळ्यात चांगलं, पण ती वेळ तेव्हा कळत नाही, म्हणून कुठल्या गोष्टी घडल्या की निघायचं ते आधीच कागदावर पाहिजे. विमानतळ बंद, अमुक गाव पडलं, दूतावास रिकामा झाला, असं. त्या दिवशी चर्चा नाही, बॅग उचलायची.

देशात पोचल्याच्या दिवशीच आपल्या दूतावासात नोंद करा. २०१५ ला येमेनमधून ऑपरेशन राहत, २०१६ च्या जुलैत साउथ सुदानच्या जुबातून संकटमोचन, २०२३ ला सुदानमधून कावेरी, आपल्या सरकारनं माणसं काढलीत, कावेरीत तर पोर्ट सुदानहून जहाजानं-विमानानं जेद्दाला आणि तिथून भारतात. पण पोर्ट सुदानपर्यंत खार्तुममधून बसनं यावं लागलं, म्हणजे पहिला टप्पा कोणी येऊन उचलून नेत नाही, तो तुमचा आणि संस्थेचा. नोंद नसेल तर यादीत नाव नाही.

आणि निघायच्या गडबडीत सॅटेलाइट फोन बॅगेत राहू देऊ नका. थुराया, इरिडियम असले फोन भारतात परवानगीशिवाय आणायला बंदी आहे, मुंबईत उतरल्यावर आपल्याच पोलिसांना उत्तरं देत बसाल.

पायरी ११: घरी आल्यावर

संस्थेकडून मनाच्या डॉक्टरशी बोलायची सोय मागा, ती बहुतेकांकडे असते आणि फुकट असते. लग्नाच्या वरातीत फटाके वाजले आणि तुम्ही खाली बसलात तर लोक हसतील, हसू द्या. झोप लागत नाही, चिडचिड होते, हे काही आठवडे होतं. त्याहून लांबलं तर स्वतःहून जा, दारूने ते दाबू नका. मलेरियाच्या गोळ्या सांगितल्यात तितके दिवस परत आल्यावरही चालू ठेवा, आणि पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर गावच्या डॉक्टरला दारातच सांगा की मी आफ्रिकेतून आलोय, रक्त आजच तपासा.